दोन लाख मोबाइल नंबर सीडीपीत चढवायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

हिशोबाची_वही | सोमवार, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचक होते, आज गरज पडली म्हणून खातं उघडलं. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. मूळ दुकान साताऱ्यात, मग कराड, सांगली, कोल्हापूर आणि पुण्यात दोन, अशी आता सहा झालीत. लागले होते हिशोब लिहायला. पण ऑफिसात कॉम्प्युटरला न बिचकणारी मी एकटीच, म्हणून सणासुदीचे एसएमएस पाठवायचं कामही माझ्याच टेबलावर येऊन पडलं. आता मालकांच्या मुलाने सीडीपी घेतलंय, म्हणजे कस्टमर डेटा प्लॅटफॉर्म. बिलं, वेबसाइट, एसएमएस, व्हॉट्सॲप, जिथे जिथे ग्राहकाचा माग आहे तो गोळा करून एका माणसाचं एकच खातं करायचं. मला ती खातेवहीच वाटते, फक्त माणसांची.

याद्या चार आहेत. बिलिंग सॉफ्टवेअरमधल्या १,१२,००० ओळी, बल्क एसएमएसच्या पोर्टलवरचे ६१,००० नंबर, गणपती-दिवाळीच्या लकी ड्रॉच्या कुपनांवरून टाइप केलेले ३८,०००, आणि वेबसाइटचे ४,०००. विकणारा माणूस म्हणाला, "मॅडम, सीएसव्ही करा, अपलोड करा, अर्ध्या तासाचं काम आहे." (सीएसव्ही म्हणजे रकाने स्वल्पविरामाने तोडलेली साधी फाइल.) अर्ध्या तासाचं काम म्हणणाऱ्याला एकदा पापड लाटायला बसवावं.

पहिलीच फाइल एक्सेलमध्ये उघडली तर मोबाइलच्या रकान्यात सगळीकडे ९.१९८२३ई+११. नंबर गेले कुठे?


जुना_खलाशी | सोमवार, दुपारी १२:०५

सेव्ह करू नका. आधी ती खिडकी बंद करा, 'बदल जतन करायचे का' विचारलं तर नाही म्हणा, मग पुढचं वाचा.

एक्सेलला तुमचा मोबाइल नंबर म्हणजे रक्कम वाटते. बारा किंवा त्याहून जास्त आकडे असले की ते घातांकात दाखवतं. नुसतं बघितलं तर काही बिघडत नाही, आत नंबर शाबूत असतो. पण फाइल तशीच सीएसव्ही म्हणून जतन केली की जे दिसतंय तेच लिहिलं जातं. मग ९१९८२३ने सुरू होणारे तुमचे सगळे ग्राहक ९१९८२३ आणि पुढे सहा शून्यं, या एकाच नंबरवर नांदू लागतात. आणि हे उलटं फिरवता येत नाही, आकडे गेले ते गेले.

फाइलवर डबल क्लिक करायचं नाही. कोरी वही उघडा, डेटा टॅबमधून सीएसव्ही आत घ्या, आणि मोबाइलच्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा. पिनकोड, बिल नंबर, कुपन नंबर यांनाही तेच, नाहीतर पुढची शून्यं गळतात. मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरात टाका आणि तिला हात लावू नका.

नावं मराठीत असतील तर जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. साधी सीएसव्ही केली तर प्रश्नचिन्हांची रांग मिळेल.


पेठेतला | सोमवार, दुपारी १:३०

सहा दुकानांना सीडीपी म्हणजे चहाच्या टपरीला लिफ्ट. आमच्याकडे एक कापडवाले आहेत, त्यांना प्रत्येक गिऱ्हाईकाच्या मुलीचं लग्न कधी आहे ते तोंडपाठ. त्यांचा सीडीपी गल्ल्यामागे बसतो आणि दुपारी एक ते चार बंद असतो.


मिरजकर_२ | सोमवार, दुपारी १:४४

@पेठेतला, ते बरोबर, पण तुमच्या कापडवाल्यांची कराडला शाखा नाही. 😀

वहीताई, पाय रोवून बसते. सॉरी, बसतो. आम्हीपण हेच करणार आहोत, फक्त आमचं ॲप आहे. त्याच्या नोटिफिकेशनची टोकनं, म्हणजे ज्यावरून कुठल्या फोनला पाठवायचं ते कळतं ते कोड, नव्या प्लॅटफॉर्मवर नेता येतात का, कुणी सांगेल का?


जुना_खलाशी | सोमवार, दुपारी २:१५

@मिरजकर, अँड्रॉइडचं टोकन तुमच्या फायरबेस (गूगलची नोटिफिकेशन पाठवायची सेवा) प्रकल्पाला बांधलेलं असतं. प्रकल्प तोच ठेवलात आणि त्याची किल्ली नव्या प्लॅटफॉर्मला दिलीत तर जुनी टोकनं चालतात. नवा प्रकल्प काढलात तर सगळी रद्दी. आणि २७० दिवस ज्या फोनने ॲप उघडलं नाही त्याचं टोकन फायरबेस मेलेलंच धरतं, तेव्हा 'आमचे लाखभर डाउनलोड' हा आकडा विसरा. बाकीचं वेगळा धागा काढून बोलू.

आता ताईंकडे येतो. नंबर शाबूत निघाले की एकसारखे करा. प्लॅटफॉर्मला लागतो तो आंतरराष्ट्रीय नमुना, ई.१६४ म्हणतात त्याला: अधिकचं चिन्ह, देशाचा कोड, मग नंबर, जास्तीत जास्त १५ आकडे. आपल्याकडे +९१ आणि पुढे ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होणारे दहा आकडे. मोकळ्या जागा, आडव्या रेघा काढा. अकरा आकडे असून सुरुवातीला शून्य असेल तर शून्य काढा. बारा असून सुरुवातीला ९१ असेल तर फक्त अधिक लावा.

आणि इथेच मी एकदा आपटलोय. मी सरसकट 'सुरुवातीचं ९१ काढा' असं सूत्र लावलं. ज्यांचा दहा आकडी नंबरच ९१ने सुरू होतो त्यांचे उरले आठ आकडे. तीन आठवड्यांनी कळलं. आधी आकडे मोजा, मग कात्री लावा.


एडिसनकर | सोमवार, रात्री ९:२०

न्यू जर्सीहून हजेरी. माझं पोटच यावर चालतं, इथल्या दुकानांच्या एसएमएस याद्या एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर नेतो.

खलाशीकाकांच्या मुद्द्यात भर. प्लॅटफॉर्म अमेरिकी असेल तर त्यात 'खात्याचा देश' कुठे भरलाय ते बघा. +९१ न लावता दहा आकडे दिलेत आणि देश अमेरिका राहिला असेल, तर तो पुढे +१ लावून मोकळा होतो. गंमत अशी की पुष्कळ नंबर दोन्हीकडे खरे वाटतात. ७३२ हा आमचा मध्य जर्सीचा एरिया कोड, आणि भारतात ७ने सुरू होणारे मोबाइल आहेतच. म्हणजे कराडच्या सेलचा मेसेज माझ्या शेजाऱ्याला येऊ शकतो. तो गुजराती आहे, डिस्काउंट विचारायला फोन करेल.

गंमत सोडा. इथे टीसीपीए नावाचा १९९१चा कायदा आहे, त्यात परवानगीशिवाय पाठवलेल्या एकेका मेसेजला ५०० ते १,५०० डॉलर मागता येतात. त्यामुळे आम्ही नंबराच्या आधी तीन रकाने बघतो: संमती कधी दिली, कुठून दिली, कुठल्या वाक्यावर दिली. हे तीन नसतील तर नंबर कितीही चकचकीत असो, ती ओळ मी चढवत नाही.

ताई, तुमच्या चार याद्यांत हे तीन रकाने आहेत का?


हिशोबाची_वही | मंगळवार, सकाळी १०:१५

नाहीत. 🙁

बिलिंगमध्ये 'एसएमएस' असा एक रकाना आहे, त्यात Y लिहिलंय, १ लिहिलंय, 'हो' लिहिलंय, आणि निम्म्याहून जास्त ओळींत तो रिकामाच आहे. रिकामा म्हणजे हो की नाही, हे आमच्यात कुणालाच सांगता येईना. कुपनावर खाली बारीक अक्षरात 'ऑफर्सची माहिती मिळेल' छापलं होतं म्हणे. एक जुनं कुपन शोधून काढलं. तसं काहीच छापलेलं नाही.


जुना_खलाशी | मंगळवार, सकाळी ११:०० 

मग मी जे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं ते आता लिहितो.

पहिली यादी चढवायची ती 'नको' म्हणणाऱ्यांची. ग्राहकांची दुसरी, तिसरी, कधीही. आधी 'नको'.

कारण असं. बल्क एसएमएसच्या पोर्टलवर ज्यांनी बंद करा म्हणून कळवलं ते बहुतेक वेळा वेगळ्याच टॅबमध्ये असतात. तुम्ही 'सर्व संपर्क' डाउनलोड करता, त्यात ते नुसते नंबर म्हणून येतात, 'नको' मागेच राहतं. त्यातला निम्मा माणूस बिलिंगच्या यादीतही असतो. नव्या घरात तो कोरा करकरीत ग्राहक म्हणून उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला मेसेज जातो. जुनं पोर्टल महिनाभरात बंद होतं आणि तो 'नको' जगातून नाहीसा होतो. नंबर हरवला तर माणूस पुन्हा दुकानात येईल तेव्हा मिळेल. त्याचा नकार हरवला तर तो कुठून आणणार?

म्हणून जुन्या पोर्टलची वर्गणी संपायच्या आधी ब्लॅकलिस्ट, अनसबस्क्राइब, जे काही नाव असेल तो टॅब शोधा. व्हॉट्सॲपवर 'थांबवा' लिहिणारे वेगळे. आणि दुकानांना फोन करून विचारा, काउंटरवर येऊन कुणी सांगितलं असेल तर ते तुम्ही कुठे लिहून ठेवता?


डेटावाला_पुणे | मंगळवार, सकाळी ११:२२

नमस्कार मॅडम पुणे सातारा सांगली ५ लाख डेटा उपलब्ध आहे, नवीन आई-बाबा कॅटेगरी, हॉस्पिटल वाइज. रेट साठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा


पेठेतला | मंगळवार, सकाळी ११:२५

'हॉस्पिटल वाइज'! शाब्बास! कुठल्या हॉस्पिटलच्या कुठल्या रजिस्टरमधून उचललात तेही लिहा, म्हणजे पोलिसांना टाइप करायला सोपं.


संपादक मंडळ | मंगळवार, दुपारी १२:१०

वरील जाहिरात देणारे खाते गोठवले आहे. प्रतिसाद धाग्याचा संदर्भ कळावा म्हणून ठेवला आहे.


तळटीप | मंगळवार, दुपारी ४:५०

वकिली करतो, तेव्हा थोडं रूक्ष लिहीन.

आपल्याकडे यात दोन वेगवेगळी दारं आहेत आणि लोक ती एकच समजतात. एक दार ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं. २०१८च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याची संस्था, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा हे सगळं डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, नोंदलेलं लागतं, आणि १९०९वर 'डिस्टर्ब करू नका' नोंदवलेल्यांना जाहिरातीचे मेसेज टेलिकॉम कंपनीच गाळते. पण ते गाळणं तुमच्या प्लॅटफॉर्मच्या बाहेर होतं. तुमच्या दुकानाला दिलेला नकार हा निराळा, तो तुम्हीच सांभाळायचा. 'डीएनडी आहे ना, गाळलं जाईल' हे उत्तर चालत नाही.

दुसरं दार २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिने दिलेत. कलम ६ म्हणतं संमती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. लकी ड्रॉचं कुपन 'सायकल मिळावी' म्हणून भरलेलं असतं. वर्षभर ऑफर याव्यात म्हणून नव्हे.

जुन्या ग्राहकांसाठी कलम ५मध्ये सोय आहे: कायदा लागू होण्याआधी ज्यांनी संमती दिलीय त्यांना शक्य तितक्या लवकर सूचना द्यायची, आणि ते संमती मागे घेईपर्यंत काम चालू ठेवता येतं. पण ही सोय 'संमती दिलीय' त्यांच्यासाठी आहे. रिकाम्या रकान्याला ती लागत नाही. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीचाही आलाच.

आता एक प्रश्न माझा. दुकान मुलांच्या कपड्यांचं. तुमच्या यादीत मुलांची नावं, जन्मतारखा आहेत का?


हिशोबाची_वही | मंगळवार, रात्री ८:४०

आहेत. 'बाळाचा वाढदिवस' म्हणून रकानाच आहे, त्या दिवशी दहा टक्के सूट देतो आम्ही.

आणि हसू नका. चाचणीसाठी शंभर ओळी चढवल्या, तर प्लॅटफॉर्मने 'जन्मतारीख' दिसली म्हणून ती ग्राहकाची धरली. आमचे ग्राहक सरासरी साडेतीन वर्षांचे आहेत.


रातराणी | मंगळवार, रात्री १०:३०

😂😂 साडेतीन वर्षांचे आणि खरेदी करतात बाराशेची!

मी बंगळुरूला, अशाच एका प्लॅटफॉर्मच्या सपोर्टमध्ये पाच वर्षं काढलीत. कंपनीचं नाव सांगणार नाही. लोक नंबर कसे नीट करायचे ते विचारतात, पण रात्री अकराला रडत फोन येतात ते वेगळ्याच कारणांनी.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे स्वागताचा मेसेज. प्लॅटफॉर्मवर कुणीतरी हौसेने 'नवा ग्राहक आला की स्वागत करा आणि कुपन द्या' असं आधीच लावून ठेवलेलं असतं. तुम्ही यादी चढवता. प्लॅटफॉर्मच्या दृष्टीने ते सगळे आत्ता या क्षणी आलेले नवे ग्राहक. एका गिऱ्हाईकाचे चाळीस हजार मेसेज रात्री अकरा वाजता गेले, प्रत्येकात शंभर रुपयांचं कुपन. पंधरा वर्षं तिथे खरेदी करणाऱ्या आजींना 'आमच्या परिवारात स्वागत आहे'. त्या दुकानाने कुपनं मानली, तीन दिवस. चौथ्या दिवशी माझ्या मॅनेजरला फोन. तेव्हा चढवण्याआधी प्रत्येक स्वयंचलित मेसेज बंद करा, आणि बंद केलाय हे दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या.

मग तारखा. ०३/०४ म्हणजे आपली ३ एप्रिल, प्लॅटफॉर्मची ४ मार्च. बाराच्या पुढच्या तारखा चुकीच्या म्हणून परत येतात, म्हणून लोकांना वाटतं की उरलेल्या बरोबर आहेत! वर्ष-महिना-दिवस असंच लिहा. आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेत धरली जाते, ती आपल्याहून साडेपाच तास मागे. मध्यरात्री बारा वाजताची तारीख तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ साडेसहा होते. सगळे वाढदिवस एक दिवस आधी साजरे.

रिकाम्या खान्याचंही विचारून घ्या. काही ठिकाणी रिकामा खाना जुनी माहिती तशीच ठेवतो, काही ठिकाणी पुसून टाकतो. आधी 'नको' चढवलंत आणि नंतर बिलिंगच्या यादीतल्या रिकाम्या रकान्याने ते पुसलं, तर काकांचा सगळा उपदेश पाण्यात. मी तर म्हणेन बिलिंगच्या फाइलमधून संमतीचा रकाना काढूनच टाका.


मिरजकर_२ | बुधवार, सकाळी ९:०५

वाढदिवसावरून आठवलं. २०२२मध्ये नवं सिम घेतलं. तेव्हापासून मला दर वर्षी १४ ऑगस्टला 'तुमच्या लाडक्या परीला वाढदिवसाच्या गोड गोड शुभेच्छा' असा मेसेज येतो. माझं लग्न झालेलं नाही. आई दोन वर्षं माझ्याकडे संशयाने बघत होती.


एडिसनकर | बुधवार, सकाळी ९:५०

😂 @मिरजकर, परीचा नंबर तुम्हाला मिळालाय. भारतात बंद पडलेला नंबर ९० दिवस कुणाला देत नाहीत, मग नव्या माणसाला जातो. अमेरिकेत ही मुदत किमान ४५ दिवस. इथे नोव्हेंबर २०२१पासून सरकारी यादीच आहे, पाठवण्याआधी तिथे विचारायचं की अमक्या तारखेनंतर हा नंबर कायमचा बंद झाला होता का. तारीख द्यावी लागते, म्हणून मी संमतीच्या तारखेसाठी इतका जीव टाकतो.

वहीताई, तुमच्याकडे संमतीची तारीख नसली तरी शेवटच्या बिलाची आहे. दोन-तीन वर्षांत एकही बिल नाही असे नंबर वेगळे काढा. आणि नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून गाव ओळखायला जाऊ नका. जुलै २०१५पासून नंबर न बदलता देशभर कुठेही नेता येतो. गाव बिलावरून घ्या.


हिशोबाची_वही | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

दोन दिवस दुकानांना फोन करत होते.

पोर्टलवर 'ब्लॉक्ड' नावाचा टॅब सापडला, सेटिंगच्या आत, अहवालांच्या खाली. त्यात ७,१४० नंबर. गेली सहा वर्षं मी ते पोर्टल वापरतेय, तो टॅब कधी उघडला नव्हता.

दुकानांपैकी पाचांनी 'तसं काही लिहीत नाही' सांगितलं. कराडच्या दुकानात काउंटरला एक मावशी आहेत, वीस वर्षं झाली त्यांना. त्या म्हणाल्या, माझ्या वहीच्या मागच्या पानावर आहेत. फोटो मागवला. पेन्सिलीने लिहिलेले ६४ नंबर, काहींपुढे कारण. 'परदेशी गेले.' 'रात्री मेसेज आला म्हणून रागावले.' तीन नंबरांपुढे लिहिलंय 'बाळ राहिलं नाही. वाढदिवसाचा पाठवू नये.'

मावशींना मी विचारलं, हे ऑफिसला का नाही कळवलंत? म्हणाल्या, कळवलं होतं गं, तेव्हा तुझ्या आधीचा मुलगा होता.

आम्ही त्या तिघींना दर वर्षी पाठवत होतो. मी बिलिंगमध्ये बघितलं.


जुना_खलाशी | शुक्रवार, संध्याकाळी ७:१०

ते ६४ पहिले चढवा. हाताने. एकेक आकडा मोठ्याने वाचून.


तळटीप | शुक्रवार, रात्री ८:००

आणि कारण चढवू नका. प्लॅटफॉर्मवर फक्त 'नको' आणि तारीख. ते कारण मावशींच्या वहीत आहे तिथेच शोभतं. उद्या कुणी एक रकाना बघून 'दुःखद प्रसंग' नावाचा गट बनवला तर?

मुलांच्या जन्मतारखांचंही माझं मत याच अंगाने आहे. अठरा वर्षांखालचं मूल म्हणजे कायद्याने बालक, त्याच्या डेटाला पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि बालकाचा माग काढणं किंवा त्याला उद्देशून नेमक्या जाहिराती करणं कलम ९ला चालत नाही. मेसेज आईला जातो हे खरं, पण नाव आणि पूर्ण तारीख तर मुलाचीच आहे. सूट द्यायला 'वाढदिवसाचा महिना' पुरतो. नाव, वर्ष, दिवस काढून टाका. जे तुमच्याकडे नाही ते फुटूही शकत नाही.


पेठेतला | शुक्रवार, रात्री ८:१५

मावशींना पगारवाढ द्या आणि सीडीपी परत करा.

(या वेळी टोमणा नाही.)


हिशोबाची_वही | पुढचा बुधवार, दुपारी ३:२०

आणखी एक घोळ. चारही याद्या जुळवल्या, नंबर हीच ओळख धरून. आमची सगळ्यात निष्ठावान ग्राहक निघाली सांगलीतली. चार वर्षांत ६१२ बिलं, ४३ वेगवेगळी नावं. प्लॅटफॉर्मने तिला सोन्याचा मुकुट दिलाय, 'हिला खास सवलत द्या' म्हणून.


रातराणी | बुधवार, दुपारी ३:२८

काउंटरवरचा मुलगा! ग्राहकाने नंबर दिला नाही की स्वतःचा टाकतो, कारण रकाना भरल्याशिवाय बिल पुढे जात नाही. 😄


हिशोबाची_वही | बुधवार, दुपारी ४:०५

त्याच्या आईचा होता. विचारलं तर म्हणतो, "मॅडम, तिला मेसेज वाचायला आवडतात."


जुना_खलाशी | बुधवार, दुपारी ४:४०

मुलाला रागावू नका, रकाना सक्तीचा करणाऱ्याला रागवा. एकाच नंबरवर वीसहून जास्त बिलं किंवा तीनहून जास्त नावं असली की ती ओळ बाजूला काढून डोळ्याने बघा. दहा वेळा नऊ, एक-दोन-तीन-चार, दुकानाचाच लँडलाइन, हेही त्यातच निघतील. काही खरीच कुटुंबं असतील, सासू, सून, जाऊ, सगळ्यांचा एकच नंबर. नंबर म्हणजे माणूस हे प्लॅटफॉर्म बनवणाऱ्याचं गृहीतक. आपल्याकडे नंबर म्हणजे पुष्कळदा घर. तेव्हा नावं एकमेकांत मिसळू देऊ नका, मेसेजात नाव घालूच नका.

नाव न घालण्याचा आणखी एक फायदा. मराठी एसएमएसमध्ये एका मेसेजात ७० अक्षरं मावतात, रोमनमध्ये १६०. सत्तराच्या पुढे गेलं की तुकडे ६७-६७चे होतात आणि पैसे दुप्पट. 'प्रिय ज्ञानेश्वरीताई' लिहिलंत की गेलाच दुसऱ्या तुकड्यात.


तळटीप | बुधवार, संध्याकाळी ६:१५

पाठवायच्या आधी डीएलटीचं दोन गोष्टींसाठी बघा, नाहीतर सगळं नीट करून मेसेज वाटेतच मरतील. २०२४च्या डिसेंबरपासून तुमची संस्था ते टेलिमार्केटर (तुमच्या वतीने मेसेज पुढे पाठवणारी कंपनी) अशी पूर्ण साखळी नोंदलेली लागते. जुन्या बल्कवाल्याची साखळी आहे, नव्या प्लॅटफॉर्ममागे जो टेलिमार्केटर आहे त्याची नसेल. आणि १ ऑक्टोबर २०२४पासून मेसेजातली लिंक आधी मंजूर करून घ्यावी लागते. नवा प्लॅटफॉर्म किती जणांनी दाबलं ते मोजायला तुमची लिंक आपल्या छोट्या पत्त्यात गुंडाळतो, तो पत्ता मंजूर नसतो.


हिशोबाची_वही | तीन आठवड्यांनी, सोमवार, सकाळी ११:१०

सगळ्यांचे आभार, एकेकाचं नाव घेत नाही. झालं ते सांगते.

पहिल्या दिवशी फक्त 'नको', ७,२०४ नंबर. मावशींचे ६४ मी वाचले, त्यांनी फोनवर वहीत बघून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातले आणि दुकानांतले मिळून ३७ जण चाचणी म्हणून. त्यात माझा नंबर मुद्दाम 'नको'मध्येही टाकला होता. मला मेसेज आला नाही, बाकी छत्तीस जणांना आला. रातराणी, तू म्हणालीस तसं स्वागताचं खरंच चालू होतं, विकणाऱ्याने 'डेमोसाठी' लावलेलं. बंद केलं. वाढदिवसाचं अजून बंदच आहे, महिन्यावर आणल्याशिवाय चालू करणार नाही.

२,१५,००० ओळींचे खरे, वेगळे नंबर निघाले १,३४,६००. त्यातले २९,३०० फक्त लकी ड्रॉमधले, दुसरीकडे कुठेच नाहीत. ते चढवले नाहीत. बिलिंगवाल्यांपैकी ज्यांचा रकाना रिकामा होता ते चढवले, पण फक्त बिलाच्या मेसेजसाठी, ऑफर नाही. आता काउंटरवर बिल करताना नंबर टाकला की खिडकी येते, 'ऑफर पाठवू का?' हो, नको, आणि 'विचारलं नाही' असे तीन पर्याय. तिसरा मी भांडून घेतला. नाहीतर गर्दीच्या वेळी सगळेच 'हो' झाले असते.

पहिल्या शनिवारी कराडने सर्वांत जास्त 'नको' नोंदवले. मालकांचा मुलगा वैतागला, मी म्हटलं, तिथेच खरं विचारलं जातंय.

नवीन वादाचा मुद्दा तो २९,३००चा. मालक रोज विचारतात. "फुकट नाही गं आले ते, सायकल वाटली आपण." आत्ताही लिहितेय तर केबिनमधून बेल वाजली.


पेठेतला | सोमवार, सकाळी ११:१८

सायकल कोणाला लागली ते तरी यादीत आहे का?


हिशोबाची_वही | सोमवार, सकाळी ११:५०

आहे. त्यांचा नंबर नऊ आकडी आहे.